इंदूरच्या काळ्या मातीत फाटक आणि चौकी: आखणीपासून झडपा टांगेपर्यंत

खंडवा रोड, महू, देपालपूर या बाजूंना फार्महाऊस बांधणारे बहुतेक जण आधी घराचा नकाशा करून घेतात आणि फाटकाचं काम बाउंड्रीवॉलच्या ठेकेदाराच्या गळ्यात टाकतात. दोन पावसाळ्यांत त्याचे परिणाम दिसतात. एक खांब रस्त्याकडे कललेला, दोन्ही झडपा मध्यावर एकमेकींना अडणाऱ्या, चौकीच्या, म्हणजे पहारेकऱ्याच्या खोलीच्या, भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी चीर. दोष लोखंडाला किंवा गवंड्याला दिला जातो. खरं कारण बहुधा जमिनीखाली असतं, आणि उरलेलं कारण फाटक, चौकी नि मधला रस्ता यांचा विचार तीन वेगवेगळ्या वेळी झाल्यात असतं. ही तिन्ही मिळून एकच इमारत आहे असं धरून आखणी करावी.

इंदुरात याचे दोन मोठे नमुने येता-जाता दिसतात. राजवाड्याचा सात मजली दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, म्हणजे दरवाजावरच उभी केलेली इमारत. पहारा, प्रवेश, थाट सगळं एकाच ठिकाणी. दुसरा नमुना लालबागचा. १८८६ ते १९२१ या काळात तो महाल उभा राहिला. त्याचं लोखंडी फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये करवून आणलं. इथे फाटक मोकळं उभं आणि महाल आत लांब. पाच-दहा बिघ्यांच्या शेतघराला ही दुसरी पद्धत सोयीची, फक्त आकाराचा मोह आवरायला हवा.

रस्त्यापासून किती आत

पहिली खूण खुंटी ठोकून करायची, कागदावर नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली जोडून ८ ते ९ मीटर लांबी भरते. ती फाटकाबाहेर थांबली तरी शेपूट रस्त्यावर राहू नये, म्हणून डांबराच्या कडेपासून फाटक किमान १० मीटर आत घ्यावं. ट्रक येणार असतील तर १२ मीटर. जागा जाते म्हणून हे अंतर ५ मीटरवर आणणारे पुष्कळ असतात. मग फाटक उघडेपर्यंत मागची वाहनं हॉर्न वाजवत उभी राहतात आणि एखाद्या धुक्याच्या सकाळी ट्रॉलीला मागून धडक बसते.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर जोडरस्त्याला परवानगी लागते. गावरस्ता असला तरी ज्याच्या ताब्यात रस्ता आहे त्या खात्याला विचारल्याशिवाय बाजूच्या नालीवर भराव टाकू नका. शेतजमिनीवर चौकीसकट पक्कं बांधकाम येणार असेल तर डायव्हर्शनचं, म्हणजे जमीन बिनशेती करून घेण्याचं, काम आधी उरका.

रस्ता आणि फाटक यांच्यामधलं अंगण रस्त्याकडे रुंद आणि फाटकाकडे अरुंद ठेवायचं. फाटकाशी ५ मीटर असेल तर रस्त्याच्या कडेला १२ ते १४ मीटर, म्हणजे मोठी गाडी एका वळणात आत येते. किल्ल्याच्या गोमुखी बांधणीत दरवाजा बुरुजांच्या आड लपवतात. इथे नेमकं उलट हवं, लांबून येणाऱ्याला फाटक दिसलंच पाहिजे. वास्तूवाले अशा आकाराला व्याघ्रमुखी म्हणून नाक मुरडतील. त्यांना सांगावं की तो नियम प्लॉटचा आहे, अंगणाचा नाही. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

रुंदी ठरवताना आपली मोटार मोजू नका, हार्वेस्टर मोजा. माळव्यात गहू आणि सोयाबीन काढायला येणाऱ्या कंबाइनचा कटर १४ फुटी असेल तर तोच ४.२७ मीटर भरतो. म्हणून खांबाच्या आतून आत ५ मीटर मोकळी रुंदी. ज्यांनी १२ फूट ठेवली ते दर हंगामात कटर सोडवून, ट्रॉलीवर टाकून, आत नेऊन पुन्हा जोडतात.

रस्त्याकडच्या नालीवर ६०० मिलिमीटर व्यासाचा एनपी-३ दर्जाचा ह्यूम पाइप (सळ्या घातलेला काँक्रीटचा पाइप) टाकावा. त्यावर किमान ६० सेंटीमीटर माती-मुरूम हवा, आणि दोन्ही तोंडांना दगडी भिंत. पातळ पाइप पहिल्याच गिट्टीच्या डंपरखाली फुटतो आणि पुढच्या पावसात पाणी थेट फाटकाच्या पायाकडे वळतं.

पाया: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. घरासारख्या जड इमारतीचं वजन त्या फुगण्याला थोडंफार दाबून धरतं. फाटकाचा सुटा खांब हलका, त्यामुळे तो उचलला जातो. त्यातून आतल्या बाजूला लॉन, रोज पाणी. बाहेरच्या बाजूला कोरडा रस्ता. आतली माती फुगलेली, बाहेरची आकसलेली, मग खांब रस्त्याकडे कलणारच.

मातीची परीक्षा साधी आहे, कोणतीही प्रयोगशाळा करून देते. चाळलेल्या कोरड्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घालायचे, एकीत रॉकेल, दुसरीत शुद्ध पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हीकडच्या मातीच्या उंचीत पडलेला फरक रॉकेलमधल्या उंचीच्या टक्क्यांत काढायचा. ३५ च्या वर गेला तर माती फार फुगणारी, ५० च्या वर गेला तर नेहमीच्या फुटिंगचं, म्हणजे उथळ पसरट पायाचं, नावच काढू नका.

मग चारेक ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे ते पाहा. दीड-दोन मीटरवर कठीण मुरूम लागला तर काळी माती पूर्ण काढून मुरुमावरच पाया घ्या आणि बाजूचा भराव मुरुमाचाच करा. काढलेली काळी माती पुन्हा त्याच खड्ड्यात लोटणं ही नेहमीची चूक. ठेकेदाराला ती वाहून न्यायचा खर्च वाचवायचा असतो.

मुरूम खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतलेला, तळाशी फुगीर असा काँक्रीटचा खांब. शेतघराच्या फाटकाला ३० सेंटीमीटर व्यासाची, कमीत कमी ३.५ मीटर खोल आणि तळाशी ७५ सेंटीमीटरचा फुगा असलेली पाइल साधारण पुरते. एवढ्या खोलीवर मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, आणि तो फुगा खांबाला वर उचलू देत नाही. किती पाइल हे झडपेच्या वजनावर ठरतं, आणि इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. फाटक बंद असताना झडपा दोन्ही खांबांना एकमेकांकडे ओढतात. उघडं असताना त्याच झडपा खांबांना आत, घराच्या दिशेने ओढतात. म्हणून जड फाटकाच्या प्रत्येक खांबाखाली आत जाणाऱ्या रस्त्याच्या दिशेने एकामागे एक अशा दोन पाइल घ्याव्यात.

दोन्ही खांब एकमेकांकडे कलू नयेत यासाठी फाटकातल्या रस्त्याखालून त्यांना जोडणारा काँक्रीटचा बीम हवाच: ३० बाय ४५ सेंटीमीटर, वरचा पृष्ठभाग रस्त्याच्या ६० सेंटीमीटर खाली. बीमच्या तळाशी ८ सेंटीमीटर पोकळी सोडायची, नाहीतर फुगणारी माती बीमला खालून ढकलते. ओतकाम करताना खाली कमी घनतेचं थर्माकोल ठेवलं की पोकळीचं काम होतं. बीम ओतायच्या आधी त्यावरून जाणारे पाइप टाकून घ्या: ५० मिलिमीटरचे दोन, एक विजेचा नि एक कॅमेऱ्याच्या तारेचा, आणि एक ११० मिलिमीटरचा पाण्याच्या नळासाठी. नंतर हाच रस्ता फोडून एक साधी तार टाकायला दुप्पट पैसे लागतात.

खोदकाम दिवाळीनंतर सुरू करावं. मेमध्ये भेगाळलेल्या जमिनीत घेतलेली लेव्हल जुलैत खोटी ठरते.

खांब आणि बिजागरी

आता वजनाचा हिशोब. ५ मीटरच्या फाटकाची एक झडप २.५ मीटर रुंद, १.८ मीटर उंच. ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटर चौकोनी नळीची चौकट, आत १६ मिलिमीटरच्या चौरस सळ्या, दोन सळ्यांत १० सेंटीमीटर फट, कडी-कोयंडा धरून सगळं मिळून १५० किलोच्या आसपास. हे वजन बिजागरीपासून सरासरी १.२५ मीटरवर लटकतं. वरची आणि खालची बिजागरी यांच्यात १.४ मीटर अंतर असेल तर वरची बिजागरी खांबाला सुमारे १३४ किलोच्या जोराने ओढते आणि खालची तितक्याच जोराने ढकलते. हेच अंतर १ मीटर ठेवलं तर ओढ १८७ किलोंवर जाते. बिजागऱ्या शक्य तितक्या लांब बसवा, एवढाच त्याचा अर्थ.

झडपेला पत्रा ठोकायचा मोह सगळ्यांना होतो, आतलं दिसू नये म्हणून. २ मिलिमीटर पत्र्याने ७० किलो वजन वाढतं, ते एक वेळ सोसेल. पण ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ३८ किलो होतो, म्हणजे एका बंद झडपेवर १७० किलो. जूनच्या पहिल्या वादळात खालची खिट्टी वाकते ती यामुळे. आडोसा हवा असेल तर खालचे ९० सेंटीमीटर पत्र्याने झाका, वर सळ्या मोकळ्या ठेवा.

खांबाचा गाभा ३० बाय ३० सेंटीमीटरचा काँक्रीटचा, त्याला चारही बाजूंनी १५ सेंटीमीटर काळ्या दगडाचं बांधकाम, म्हणजे बाहेरून ६० बाय ६०. बिजागरीची पट्टी गाभ्याच्या सळ्यांना काँक्रीट ओतायच्या आधी जोडून घ्यायची आणि दगडाच्या थरातून बाहेर काढायची. नंतर दगडात भोक पाडून बोल्ट ठोकला तर सगळी ओढ दर्शनी दगडावर येते. वर्षभरात तो दगड हलतो, मागे पाणी शिरतं, आणि झडप दोन बोटं खाली बसते. गळ्याइतक्या उंचीवर, वरच्या बिजागरीच्या आजूबाजूला केसासारखी चीर दिसली की समजावं, हेच चाललंय.

आपला काळा दगड पाणी शोषत नाही, त्यामुळे माल त्याला पटकन चिकटत नाही. दगड घडवताना मागची बाजू खडबडीत ठेवा, प्रत्येक थरात कोपऱ्याचा दगड आलटून-पालटून लावा, आणि सिमेंट, चुना, वाळू १:१:६ असा माल वापरा. दरजा (दगडांमधल्या फटी) भरण्याआधी सांधे २ सेंटीमीटर खोल खरवडून घ्यायचे. खांबाच्या डोक्यावरची टोपी चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर बाहेर आलेली, उताराची, आणि खालून १ सेंटीमीटरची खाच कोरलेली हवी. त्या खाचेमुळे पाणी दगडावरून ओघळण्याऐवजी टपकून खाली पडतं. खांबावर पांढरे ओघळ उठले की बहुतेक टोपीतूनच पाणी मुरतंय.

प्रत्येक खांबाच्या पायाशी ४५ सेंटीमीटर उंचीचा एक जाड धक्क्याचा दगड पुरावा. वाड्यांच्या दरवाजांना पूर्वी असत ते रथ-गाड्यांच्या चाकांसाठी. आता सर्वात आधी उपयोगी पडतात ते आपल्याच घराची वाळू-विटा आणणाऱ्या ट्रकपासून.

खांबावर कमान घ्यावी का? शक्यतो नको. ५ मीटरची अर्धगोल कमान २.४ मीटर उंचीवरून सुरू केली तर मध्यावर ४.९ मीटर मिळतात आणि कागदावर ते भरपूर वाटतं. पण मध्यापासून २ मीटर बाजूला सरकलं की तिथे फक्त ३.९ उरतात. ४ मीटर उंच भरलेला ट्रक जरासा कडेने आला की कोपरा कमानीला लागला. शिवाय दगडी कमान दोन्ही खांबांना बाहेर रेटते. ती झेलायला खांब सव्वा मीटर जाड हवेत, आणि काळ्या मातीत एक खांब बोटभर जरी सरकला तरी कळीचा दगड सैल होतो. हौसच असेल तर ५ मीटर मोकळ्या उंचीवर सरळ तुळई टाका.

झडपा

झडप आत उघडते, म्हणून आतली जमीन चढती नको. चाळीसात एक इतका किरकोळ चढ असला तरी २.५ मीटरच्या झडपेखाली ६ सेंटीमीटरहून जास्त उंची येते आणि झडप जमिनीला घासते. फाटकाच्या आत निदान ३ मीटर सपाट फरशी करून घ्या.

चौकटीला तिरपा आधार लागतो. तो खालच्या बिजागरीपासून निघून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जावा, म्हणजे झडपेचं वजन दाबाने खांबाच्या पायाकडे उतरतं. उलटा लावायचा तर सळईचा ताणच लागेल, लाकडी पट्टी उपयोगाची नाही. चौकोनी नळीच्या तळाला ८ मिलिमीटरची भोकं ठेवायला लोहाराला बजावून सांगा. बंद नळीत साचलेलं पाणी आतून गंज आणतं, वरचा रंग मात्र नवाकोरा दिसत राहतो. मधल्या खिट्टीच्या जमिनीतल्या भोकाखाली खडीचा छोटा खड्डा हवा, नाहीतर ते भोक पहिल्याच पावसात चिखलाने बुजतं.

माणसांसाठी दिंडी, म्हणजे लहान दार, वेगळी करावी आणि झडपेत न कापता बाजूच्या भिंतीत, चौकीला लागून घ्यावी. झडपेतली दिंडी चौकट कमजोर करते आणि तिच्या उंबऱ्याला रोज कोणीतरी ठेचकाळतं. रुंदी १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली दूधवाल्याची मोटरसायकल तेवढ्यातून बसते.

चौकी कुठे आणि केवढी

आपल्याकडे गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. म्हणून आत शिरणाऱ्याच्या उजव्या हाताला चौकी असावी. चौकीदार बसल्या जागेवरून चालकाशी बोलतो. चौकी फाटकाच्या रेषेवर अशी बसवायची की बोलायची खिडकी बाहेरच्या अंगणात उघडेल आणि दार आत. खिडकीचा मध्य फाटकाच्या २.५ मीटर बाहेर ठेवला की बंपर फाटकाशी थांबलेल्या मोटारीचा चालक बरोबर खिडकीसमोर येतो. चौकी पूर्ण आत घेतली तर उघडलेली झडप खिडकीवरच येऊन टेकते, आणि ही चूक बांधून झाल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

जोतं ४५ सेंटीमीटर, खिडकीची पट्टी आतून ७५ ते ८०. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे खोलीच्या जमिनीपासून १.१५ ते १.२० मीटरवर असतात, त्याला अंगण आणि रस्ता दोन्ही दिसायला हवेत. फाटक पश्चिमेला असेल तर छज्जा कामाचा नाही, मेच्या दुपारनंतर ऊन छज्ज्याखालून सरळ तोंडावर येतं. खिडकीला उभ्या पट्ट्या किंवा समोर ओसरी लागते. निंबाचं झाड लावायचं तर चौकीपासून ८ मीटर तरी लांब. जवळचं झाड पायाखालचा ओलावा शोषतं आणि त्या बाजूची जमीन बसते.

नुसता दिवसपाळीचा पहारा असेल तर २.१ बाय २.४ मीटरची खोली आणि १.२ बाय १.५ चं शौचालय पुरे. कुटुंब राहणार असेल तर काम वेगळं. राहायची खोली ३ बाय ३.६, स्वयंपाकाला १.८ बाय २.८, न्हाणी आणि शौचालय वेगवेगळं, मागे १.५ मीटर खोल ओसरी. पहाऱ्याची खिडकी एका बाजूला आणि घराचं दार, दोरी, चूल-गॅस दुसऱ्या बाजूला. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची ओसरी दिसत असेल तर ते घर नव्हे, दुकान झालं. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जमीनदारांना फाटकाच्या दोन्ही बाजूंना जुळ्या छोट्या चौक्या उभारायची हौस होती. कुटुंब एकीत रांधायचं नि रस्ता ओलांडून दुसरीत झोपायला जायचं. समतोल दिसावा म्हणून अशी जुळी चौकी काढणारे आर्किटेक्ट आजही भेटतात. दुसऱ्या बाजूला मीटर आणि बागेची अवजारं ठेवायची खोली करा, दिसायला सारखीच दिसेल.

शौचालयाला दोन खड्ड्यांची पद्धत काळ्या मातीत फसते, पावसाळ्यात पाणी जिरतच नाही. सेप्टिक टाकी आणि पुढे खडी-वाळूचा उंचवट्यावरचा वाफा करा, बोअरपासून १५ मीटर दूर.

छपराला कौलं छान दिसतात, पण वानरांच्या टोळ्या येत असतील तर दर आठवड्याला फुटकी कौलं बदलावी लागतील. स्लॅब आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर, हा उन्हाळ्यासाठी बरा उपाय.

चौकीभोवती सव्वा मीटर रुंद फरशीचा पट्टा, खाली प्लास्टिकचा जाड कागद आणि मुरूम. पागोळीचं पाणी पन्हाळीने थेट नालीत न्यावं, भिंतीच्या बुडाशी सोडू नये. चौकीची भिंत आणि फाटकाचा खांब यांच्यात २५ मिलिमीटरची फट हवी. दोन्ही एकत्र बांधले तर झडप आपटल्याचा प्रत्येक हादरा खिडकीच्या कोपऱ्यात चीर पाडतो. बाउंड्रीवॉलही खांबाला जोडू नका, तिलाही तशीच फट.

मोटर बसवायची तर झडपेची लांबी आणि वजन दोन्ही सांगून घ्या, बॅटरी आणि हाताने सोडवायची किल्ली असलेली. किल्ली चौकीत टांगलेली हवी, मालकाच्या इंदूरच्या फ्लॅटमध्ये नको.

खांबाचं काँक्रीट २८ दिवस मुरल्यावरच झडपा टांगा, आणि त्या सगळ्यात शेवटी, घराचं जड सामान येऊन गेल्यावर. टांगल्या दिवशी ओळंबा लावून दोन्ही खांब तपासा आणि खांबांच्या आतल्या कडांमधलं अंतर वर, मध्ये, खाली मोजून चौकीतल्या वहीत लिहा. पहिल्या पावसाळ्यात दर महिन्याला, नंतर ऑक्टोबर आणि मेमध्ये तेच माप पुन्हा घ्यायचं. वरचं माप ५ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त झालं तर बिजागरीच्या नटाने भागतं. १५ च्या पुढे गेलं तर आधी लॉनचं पाणी कुठे जातंय ते बघा, मग इंजिनिअरला बोलवा.